‘येतो’ म्हणून निघताना



या व्याख्यानमालेत बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी विषय माझ्यावर सोडला. मी प्रवासवर्णनावर बोलेन असं कळवलं. पण टिपणं काढायला बसलो आणि लक्षात आलं की मला प्रवासावर नव्हे, प्रवासाच्या एका तुकड्यावरच बोलायचं आहे. तो तुकडा म्हणजे परत येणं. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत त्याच्या वाट्याला बहुधा शेवटचं पान येतं. विमान उतरलं, घरचे घ्यायला आले होते, आईच्या हातचा वरणभात खाल्ला, संपलं. तो वरणभात करणारी आईच प्रवासाला गेली असेल तर ती कुठे परतते, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला नव्हता. तो आईनंच मला विचारला, आणि तोही समुद्रात. म्हणून आज थोडं घरचं सांगणार आहे. साहित्याच्या व्यासपीठावर घरचं किती सांगावं याचं भान ठेवीन.

२०१२ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी आदल्या वर्षी हायस्कुलातून निवृत्त झालो होतो. माझी धाकटी बहीण तेव्हा अंदमानात, पोर्ट ब्लेअरला होती. मेहुण्यांची तिथं सरकारी नोकरी. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. बहीण फोनवर सारखी म्हणायची, दादा, आईला घेऊन ये, आणि चार दिवसांसाठी येऊ नकोस. शेवटी दिवाळी झाल्यावर निघालो. साठीचा मुलगा आणि ऐंशीची आई. दहा आठवडे राहिलो. माझी पत्नी संकेश्वरात राहिली, कारण नातीची दहावी होती, दारात म्हैस होती, आणि शेतात ऊस उभा होता.

आईची निघायची तयारी नव्हती. समुद्राची भीती हे एक कारण, पण खरं कारण दुसरं होतं. लेकीच्या घरी राहायचं कसं? आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे आईबाप मी पाहिलेत. बहिणीची मुलं कॉलेजात पोचली होती, तरी आईच्या मनातली आडकाठी गेली नव्हती. “दोन दिस ठीक हाय. दोन म्हैनं लेकीच्या घरात बसून खायाचं म्हंजे काय?” तिची ही भाषा ध्यानात ठेवा. खायचं म्हणजे बसून खायचं, आणि बसून खाणं म्हणजे लाज.

तिथं गेल्यावर पहिले आठ दिवस ती स्वयंपाकघरात काम शोधत होती. बहिणीनं काही करू दिलं नाही. मग हळूहळू ती बाहेरच्या पायरीवर बसायला लागली. घर उतारावर होतं, झाडांतून समुद्राची एक पट्टी दिसायची. सकाळचा चहा, दुपारची डुलकी, संध्याकाळचा वारा. लग्न होऊन ती या गावात आली ती वयाच्या सतराव्या वर्षी. तेव्हापासून तिला कामाशिवाय बसलेली मी पाहिलेली नव्हती. आजारी असली तरी अंथरुणात शेंगा फोडायची. तिथं मात्र तिच्या हातात काही नसायचं. सुरुवातीला ते हात बघून मला चुकल्यासारखं व्हायचं.

शेजारी एक बंगाली आजी राहायची. अंदमानात आज सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा बंगाली आहे. फाळणीनंतर, १९४९ पासून, पूर्व बंगालमधल्या निर्वासित कुटुंबांना तिथं जमिनी देऊन वसवलं गेलं. या आजीही अशाच एका कुटुंबातल्या. आईला बंगाली येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी दोघींनाही बेताचंच. तरी रोज संध्याकाळी तासभर दोघींचं बोलणं चालायचं. काय बोलत होत्या देव जाणे. उठताना त्या बाई म्हणायच्या, “आशि.” आईनं एकदा मला विचारलं, “ही जाताना ऐंशी का म्हनती रं? माझं वय इच्यारती व्हय?”

मी चौकशी केली. बंगालीत ‘आशि’ म्हणजे ‘येते’. ऐकून आई खूप हसली. मग म्हणाली, “आरं, म्हंजे आपल्यावानीच की.”

श्रोतेहो, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यातलं नवल जाणवत नाही. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. कुणी चुकून म्हणालंच तर घरातली म्हातारी माणसं दटावतात, जातो काय म्हणतोस, येतो म्हण. पाय बाहेर पडतो आहे आणि तोंड परत येण्याचं बोलतं आहे. आपल्या सीमाभागात तर हे दोन भाषांत रोज कानावर येतं. बाजारातून उठताना कन्नड बोलणारा माणूस ‘होगि बर्तेन’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. तमिळमध्ये ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, त्याचाही अर्थ जाऊन येतो. आमच्या परतीच्या वाटेवर या चारही भाषा ओळीनं लागल्या. बेटावर बंगाली, चेन्नईत तमिळ, बंगळूरपासून कन्नड आणि घरी आपली मराठी. या चारही भाषांत निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो.

मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. शकुनाची भाषा म्हणून मी हे मुलांना सांगतही असे. जाणं अशुभ, म्हणून येणं बोलायचं. आज मला ते स्पष्टीकरण अपुरं वाटतं. ‘येतो’ या शब्दाला उत्तर लागतं. निघणारा ‘येतो’ म्हणाला की दारातला माणूस ‘या’ म्हणतो, ‘ये’ म्हणतो. बंगालीतही थोरली माणसं ‘एशो’ म्हणतात, म्हणजे ‘ये’. अर्धा शब्द जाणाऱ्याचा, अर्धा राहणाऱ्याचा. परत येणं एकट्याच्या इच्छेवर होत नाही. कुणीतरी ‘ये’ म्हटलेलं असावं लागतं.

बेटावरच्या त्या मुक्कामात आम्ही सेल्युलर जेलही पाहिला. १९०६ साली बांधून पुरी झालेली ही सात बाह्यांची इमारत. आता तीनच बाह्या उरल्या आहेत. मराठी माणूस तिथं जातो तो ‘माझी जन्मठेप’ मनात घेऊन. सावरकर १९११ साली तिथं पोचले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच तिथं कैदेत होते. दोघे भाऊ १९२१ साली तिथून निघाले, तेही सुटून नव्हे, इकडच्या तुरुंगात येण्यासाठी. मी आईला हे सांगत होतो. १९१९ साली सावरकरांच्या पत्नी आणि धाकटे बंधू भेटायला आले, तेव्हा येसूवहिनी, म्हणजे बाबारावांच्या पत्नी, त्यांच्याबरोबर नव्हत्या. नवऱ्याच्या भेटीची वाट बघतच त्या वारल्या होत्या. आई बराच वेळ कोठडीच्या गजांना धरून उभी होती. मग म्हणाली, “आत असलेल्याचं म्हाईत हाय लोकास्नी. भाईर बसलेलीचं कोन लिवनार?”

तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकलं.

निघायचा दिवस आला. सकाळी बहिणीनं पाट मांडला, तांदूळ, खण, नारळ घेतला आणि आईला म्हणाली, बस. आई दचकलीच. विधवेची ओटी भरत नाहीत. आईनं साफ नाही म्हटलं, थोडी रागावलीही. बहीण म्हणाली, “माहेरवाशीण सासरी निघाली की ओटी भरतात. तू दहा आठवडे माझ्याकडं माहेरपणाला होतीस. बस गुमान.” आई पाटावर बसली. पदर पुढे धरला. आणि रडली. मी माझ्या दोन बहिणींना सासरी जाताना पाहिलं आहे. आईचं रडणं अगदी तसंच होतं. मला ते विचित्र वाटलं. आपण तर घरी निघालो आहोत, मग ही सासरी निघाल्यासारखी का रडते?

पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरून चेन्नईला बोट साधारण साठ तासांत पोचते. अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या तीन रात्री बोटीवर गेल्या. जाताना आई भीतीनं केबिनमधून बाहेर पडली नव्हती. येताना ती डेकवरच असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं की आपल्या नदीचं पाणी कुठल्या समुद्राला मिळतं? मी मास्तर, मला हुरूप आला. सांगितलं, आपली हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगवते. तिथून पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर. पण ती तिकडं पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लज करत आपल्याकडं येते, पुढं घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा सगळा मुलूख ओलांडून या इथल्या बंगालच्या उपसागराला. आई म्हणाली, “म्हंजे नदीच्या मागनं मी हितं आले. आता उलटं जायाचं.”

त्या रात्री आठ-साडेआठचा सुमार असेल. वारा होता. तिनं शाल डोक्यावरून घेतली होती. एकदम म्हणाली, “आरं, मी न्हाई गेले परत, तर तितं काय अडंल?”

मी हसलो. मग उत्तर दिलं. ते उत्तर मला शब्दाशब्दानं आठवतं, म्हणून इथं सांगतो. मी म्हणालो, असं कसं? फेब्रुवारीत तोडणीची टोळी येईल, शेतावर कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे. नातीची परीक्षा आहे, ती तुझ्याशिवाय पहाटे उठत नाही. म्हैस विणार आहे. देवघरातलं तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. पुढं वर्षाचं तिखट करायचं आहे, मिरच्या निवडायच्या, देठं काढायची, मसाला भाजायचा, तुझ्या हाताशिवाय त्याला चव येत नाही.

तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, “व्हय. लई कामं हाईत.” आणि आत झोपायला गेली.

मला वाटलं, म्हातारीची समजूत पटली. तिला तिचं महत्त्व पटवून दिलं अशा समाधानात मी डेकवर बसून राहिलो. माझ्या यादीत सगळं होतं, ऊस, म्हैस, मिरच्या, देव. ती तेवढी नव्हती. तिनं विचारलं होतं तुला मी हवी का, आणि मी सांगितलं होतं तिच्या हातांना काय काय काम आहे. हे मला त्या रात्री कळलं नाही. कळलं ते घराच्या दारात, आणि मला ते कळवून दिलं दुसऱ्याच माणसानं. त्याकडं येतोच.

त्याआधी थोडं पुस्तकांविषयी. निवृत्तीनंतरच्या वर्षांत मी या एकाच धाग्यानं जुनी पुस्तकं पुन्हा काढून बसलो. कुठल्या पुस्तकात कोण परत येतं, आणि दारात कोण असतं.

बेटावरून परतण्याची आपली सर्वांत जुनी कथा रामाची. लंकेहून अयोध्येला. कालिदासानं ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग जवळजवळ सगळा या परतीला दिला आहे. युद्ध त्यानं आधीच्या एका सर्गात आटोपलं, आणि परतीला अख्खा सर्ग ठेवला. विमानातून राम सीतेला खाली दाखवत जातो. हा समुद्र, हा सेतू, इथं तुझं नूपुर सापडलं, इथं आपण राहिलो. जाताना जी वाट दुःखाची होती तीच येताना बोलण्याची झाली. मला मात्र चौदाव्या सर्गाची सुरुवात जास्त मोलाची वाटते. राम-लक्ष्मण कौसल्या आणि सुमित्रेला भेटतात. दोघीही आता विधवा आहेत, रडून त्यांना नीट दिसत नाही, मुलांना त्या स्पर्शानं ओळखतात. आणि मुलांच्या अंगावरच्या शस्त्रांच्या जुन्या व्रणांवरून त्या असा हात फिरवतात जणू जखमा अजून ओल्या आहेत. क्षत्रिय स्त्रियांना हवीशी असणारी वीरमाता ही पदवी त्यांना त्या क्षणी नकोशी वाटते, असं कालिदास सांगतो. सगळी अयोध्या विजयी राजाच्या स्वागताला निघाली आहे. या दोघींना तेवढी फक्त आपली मुलं आलेली दिसतात. घरी येणं म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. तुमच्या पराक्रमाशी आणि उपयोगाशी ज्यांना देणंघेणं नाही, अशा कुणाच्या तरी समोर उभं राहणं.

पश्चिमेकडं होमरचं ‘ओडिसी’ हे महाकाव्य परतीचंच. ओडिसियस कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षं अडकतो, ती त्याला अमरत्व देऊ करते, तरी त्याला घर हवं असतं. ग्रीकमध्ये परत येण्याला ‘नोस्तोस’ म्हणतात. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका तरुण स्विस वैद्यानं त्याला वेदनेचा शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द बनवला, तो एका आजाराचं नाव म्हणून. पण या महाकाव्यात एक जागा अशी आहे की वाचताना थांबावं लागतं. ओडिसियस मृतांच्या लोकात जातो आणि तिथं त्याला त्याची आई भेटते. घर सोडलं तेव्हा ती जिवंत होती. तो विचारतो, कोणत्या आजारानं गेलीस? ती सांगते, आजार नव्हता, तुझ्या ओढीनंच मी गेले. तो तीनदा तिला मिठी मारायला जातो आणि तीनदा ती सावलीसारखी हातातून निसटते. परत येणाऱ्याला उशीर होतो तेव्हा वाट बघणाऱ्याचं काय होतं, हे त्या कवीला ठाऊक होतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण, गोडसे भटजींचं. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापून आलं. आपण ते १८५७च्या धामधुमीसाठी वाचतो, झाशीच्या वेढ्यासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याची चौकट विसरतो. वरसईचा एक तरुण भिक्षुक घरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळतील म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघतो. वाटेत बंडात सापडतो, लुटला जातो. परत येतो तेव्हा गाठीला पैसा फारसा नाही, पण खांद्यावर गंगेची कावड आहे. त्या पाण्यानं तो आईवडिलांना स्नान घालतो. मिळकतीसाठी निघालेला मुलगा मिळकत घेऊन आला नाही, पण आईबापांना तोंड दाखवायला त्याला लाज वाटली नाही, कारण त्याच्या खांद्यावर जे होतं ते त्यांच्याचसाठी होतं. त्या पुस्तकातला झाशीचा भाग मी वर्गात अनेकदा वाचून दाखवला. कावडीचा भाग एकदाही नाही. आता वाचला असता.

या सगळ्या कथांत परत येणारा पुरुष आहे. दारात आई आहे, बायको आहे. मग आईच्या परतीचं काय? ते वाङ्मय आपल्याकडं नाही असं नाही, पण ते पुस्तकात नव्हे, जात्यावर आहे. गी पॉयटवँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यांत माहेरच्या वाटेवरच्या, न्यायला येणाऱ्या भावावरच्या, आईवरच्या ओव्याच ओव्या आहेत. माहेराहून न्यायला येणाऱ्याला आपण मुराळी म्हणतो. बाईच्या आयुष्यात वाट नेहमी दोन घरांमधली असते. पुरुष घराबाहेर जातो आणि घरी येतो. बाई एका घरातून दुसऱ्या घरी जाते, आणि यातलं ‘घरी’ कुठलं हे तिला आयुष्यभर ठरवावं लागतं. आई धक्क्यावर निघताना का रडली, हे मला अशा वाचनातून कळत गेलं. आईबाप गेले, भाऊ गेला की बाईचं माहेर संपतं. माझ्या आईचं माहेर तीस वर्षांपूर्वी संपलं होतं. ते तिला अंदमानात, लेकीच्या घरी पुन्हा मिळालं होतं. आणि मी, तिचा मुलगा, तिला तिथून सासरी न्यायला आलेला माणूस होतो.

आता पुन्हा वाटेवर येतो. चेन्नईत एक रात्र लॉजवर काढली. सकाळी बंगळूरची गाडी, आणि रात्री बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. गाडीत हुबळीकडची एक म्हातारी समोरच्या बाकावर होती. आई तिच्याशी कन्नडात बोलायला लागली आणि तिचा आवाजच बदलला, दहा आठवड्यांनी तिला ओळखीची भाषा मिळाली होती. पहाटे उतरताना ती बाई म्हणाली, “होगि बर्तेन.” आई म्हणाली, “बर्री.” या. दोघींना ठाऊक होतं की पुन्हा भेट नाही. तरी शब्द तोच.

सकाळी घटप्रभेला उतरलो. हुक्केरीवरून बसनं संकेश्वर. शंकरलिंगाचं शिखर दिसल्यावर आईनं बसमधूनच हात जोडले. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला होत्या. मी म्हणालो, बघ, हंगाम जोरात आहे. ती काही बोलली नाही. सगळ्या प्रवासात तिनं ओटीचा नारळ पिशवीत न टाकता पदरातच बांधून ठेवला होता. पाच रात्री.

दारात माझी पत्नी उभी होती. तिनं आधी आम्हाला उंबऱ्याबाहेर थांबवलं, पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आईचा हात धरून म्हणाली, “या आत्ती. तुमी नव्हता, घर खायाला उठत होतं. रोज संध्याकाळी पायरीवर कोन न्हाई ते बघून आत यायला व्हायचं न्हाई मला.”

एवढंच. उसाचं नाही, म्हशीचं नाही, तिखटाचं नाही. दहा आठवडे सगळं घर एकटीनं ओढलेली बाई ती. तोडणीची टोळी तिनं ठरवली होती, म्हैस आठवड्यापूर्वीच तिच्या हातून विली होती, नात पहाटे उठायला शिकली होती. म्हणजे आईवाचून काहीच अडलेलं नव्हतं. बोटीवरच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं. काही अडलं नव्हतं, तरी ती हवी होती. ते उत्तर मला देता आलं नाही, कारण माझ्या डोक्यात माणसाचं असणं आणि माणसाचं कामी येणं यांची गाठ बसली होती. आईनं आयुष्यभर कष्ट केले, आणि त्या कष्टांनाच मी आई समजत आलो.

आई आत आली. देवाला नमस्कार केला. मग माझ्या पत्नीला पाटावर बसवलं, पदरातला तो नारळ सोडला आणि तिची ओटी भरली. विधवेनं ओटी भरू नये, हे दोघींना माहीत होतं. घरात कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आई म्हणाली, “माझ्या लेकीनं म्हायेरचं म्हनून दिलंय. तू बी कुटं गेली न्हाईस कदी. तुला घे.”

त्या उन्हाळ्यात वर्षाचं तिखट झालं. आईनं मिरच्या निवडल्या नाहीत. पायरीवर बसून आम्हाला मिरच्या निवडताना बघत राहिली, चुकलं की सांगत राहिली. देठं मी काढली. साठाव्या वर्षी पहिल्यांदा, आणि दोन दिवस बोटांची आग होत होती. आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. बहिणीची बदली पुढं मुख्य भूमीवर झाली, त्यामुळं अंदमानला पुन्हा जाणं झालं नाही.

श्रोतेहो, आपल्यातले पुष्कळ जण लिहितात. हल्ली प्रवास वाढले आहेत. मुलं परदेशी आहेत, आईवडील सहा-सहा महिने तिकडं राहून येतात, नातवंडं सांभाळून येतात. त्यावर लेख येतात, पुस्तकं येतात. तिथं काय पाहिलं हे त्यांत असतं. माझी एवढीच विनंती की परतीच्या प्रवासावरही लिहा. त्या विमानात, त्या बोटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुम्ही कुठं निघाला आहात, घरी की कामावर? आणि त्यांनी उलट काही विचारलंच तर माझ्यासारखी यादी वाचून दाखवू नका. एक शब्द पुरतो. आपल्या भाषेत तो दोन अक्षरांचाही नाही. ‘ये’.

 

येतो.